टेकडीचा कोड

टेकडीवरच्या धावपट्टीचा कोड चार अक्षरांचा होता. हवामानाच्या नोंदीत त्या कोडापुढे 'आकाश निरभ्र' असं होतं, म्हणून नानांच्या वैमानिक जावयाने पेशंट आणायला छोटं विमान वर काढलं.

अर्ध्या तासाने टेकडीवरून रखवालदाराचा फोन आला. "नाना, इथे धुक्यात हाताला हात दिसत नाही."

हवामान कचेरीतल्या नानांनी खिडकीतून अंगणाकडे पाहिलं. टेकडी चढताना गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनीच वरची हवामान मोजायची यंत्रं खाली आणून कचेरीच्या अंगणात बसवली होती. कोड मात्र टेकडीचाच ठेवला. कोण मरायला येतंय बघायला, असं तेव्हा वाटलं होतं. चार वर्षं त्या कोडाखाली अंगणातलं हवामान जात होतं.

ते धडपडत शेजारच्या खोलीत रेडिओवाल्या बाईंकडे गेले. "त्याला मागे फिरवा. ती नोंद टेकडीची नाही, माझ्या अंगणाची आहे."

बाईंनी कानावरचा हेडफोन हळूच काढला.

"जावईबापू समोर धुकं दिसतंय म्हणाले होते. पण नोंद सासऱ्यांच्या हातची आहे, विरेल आत्ता, म्हणून आत शिरले. तेव्हापासून मी हाका मारतेय."

बाहेर अंगणातल्या यंत्रांवर लख्ख ऊन पडलं होतं.