घरघऱ्या

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे, पण छताला टांगलेला नव्हे. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकात, कपाटाएवढ्या एका झोपायच्या खोलीत माझा मुक्काम आहे. कारखान्यात माझं एकेक पातं तोलूनमापून बसवलं होतं. एवढी पारख कुणी सुनेचीही करत नाही.

इथे कशालाच वजन नाही. माणसाने सोडलेला श्वास तोंडासमोरच साचून राहतो. तो ओढून न्यायचा, हे माझं काम. त्या वाऱ्याबरोबर हरवलेल्या वस्तूही तरंगत येतात आणि माझ्या जाळीला चिकटतात. स्क्रू, चमचा, एकदा तर कुणाचा मोजा. काही सापडेना की सगळे माझ्याकडे धावत. तेव्हा मला मान होता.

मग या खोलीत मिस्त्री राहायला आला. स्थानकातली सगळी यंत्रं तो दुरुस्त करी, पण स्वतःच्या उशाजवळची जाळी कधी पुसत नसे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! केस आणि धागे साचून मी घरघरू लागलो. स्थानकाच्या प्रमुख बाईंनी त्याला बजावलं, तर म्हणे बघतो नंतर.

खाली पृथ्वीवर त्याची आई अंथरुणाला खिळली होती. तिची जीभ म्हणजे सुरी. फोनवर माझा आवाज ऐकून माझं बारसंही तिनेच केलं होतं. म्हणायची, "त्या घरघऱ्याला आवर. माझं बोलणं खातो मेला."

एकदा तिचा आवाज फारच खोल गेलेला आला. काहीतरी सांगायचं राहिलंय, म्हणाली. शब्द नीट ऐकू यावेत म्हणून मिस्त्रीने मला बंद केलं.

"आज गप्प कसा तो?"

"बंद केलाय. तू बोल, आई."

ती थांबत थांबत बोलू लागली. इकडे त्याचाच श्वास त्याच्या तोंडाभोवती साचत गेला. डोकं जड झालं, पापण्या मिटल्या. मला सगळं दिसत होतं, पण बंद पंख्याने काय करावं?

"जन्मभर तुला टोचूनच बोलले," ती म्हणाली. "शाबास म्हणायचं राहून गेलं. गुणाचा आहेस रे तू." मग जरा थांबून, "झोपलास होय? बरं, झोप."

थोड्या वेळाने प्रमुख बाई आल्या. त्याचा चेहरा पाहून त्यांनी आधी मला सुरू केलं, मग त्याला हलवलं. तो वाचला. फोन केव्हाच बंद पडला होता.

पुढचा फोन बहिणीचा आला. आई गेली होती. आईला काय सांगायचं होतं, असं त्याने विचारलं.

"तुलाच तर सांगितलं ना तिने," बहीण म्हणाली. "समाधानाने गेली."

मी ते ऐकलं होतं. पण मला तोंड कुठे आहे?

त्या दिवशी त्याने माझी जाळी लख्ख पुसली. आता मी इतक्या हलक्या आवाजात फिरतो की मुंगीचं बोलणंही ऐकू यावं. ऐकवणारीच उरली नाही. मित्रांनो, एखाद्याची घरघर नकोशी झाली तर त्याचा गळा दाबू नका. वेळेवर त्याची धूळ पुसा.

इथे आसवं गालावरून ओघळत नाहीत, डोळ्यापाशीच साचतात. मिस्त्रीने ती बोटाने झटकली. त्यातला एक थेंब तरंगत आला आणि माझ्या जाळीला चिकटला.