कोरड्या पायांचं संशोधन

गल्लीतले लोक त्याला ‘वाळूवाले डॉक्टर’ म्हणत. खरं तर डॉक्टर व्हायला अजून प्रबंध द्यायचा होता, पण तो कुणाची चूक दुरुस्त करत नसे. विषय होता वाळूच्या कणांमध्ये राहणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव. निष्कर्षही ठणठणीत होता: शांत खाडीत अकरा जाती, लाटांच्या किनाऱ्यावर जेमतेम चार. लाटा जिवांना टिकू देत नाहीत. सोमवारी हे मार्गदर्शक मॅडमच्या टेबलावर ठेवलं की सहा वर्षांच्या कष्टांतून सुटका.

शेवटचे नमुने आणायला थोरल्या बहिणीने गाडी काढली. ती कपडे शिवायची, आणि एक टाका वाकडा गेला तरी अख्खी शिवण उसवायची. किनाऱ्यावर ती हाताची घडी घालून भावाचं शास्त्र बघत उभी राहिली. लाट ओसरली की हा नळी घेऊन चार पावलं पुढे, लाट वळली की दहा पावलं मागे. शेवटी वरच्या कोरड्या वाळूत त्याने नळी खुपसली आणि वहीत लिहिलं, ‘पाण्याच्या रेषेवर’.

“खाडीतही इतक्या वरूनच घेतोस?” ताईने विचारलं.

“छे, तिथे पाण्यात उतरतो. तिथे लाटा कुठे असतात?”

बोलून गेला आणि त्याच्या लक्षात आलं: खाडीची वाळू पाण्यातली, इथली मात्र कोरडी. लहानपणी गुडघाभर पाण्यात एक गटांगळी काय खाल्ली, त्या भीतीचीच तो सहा वर्षं इमानेइतबारे मोजणी करत होता. वर रंगीत तक्तेही काढले होते.

“सोमवारी देऊन टाकतो,” तो पुटपुटला. “कुणाला कळणार आहे?”

“मला कळलं ना.”

त्याने पॅन्ट दुमडली. “मागून पट्टा धर. सोडू नकोस.”

लाट कमरेला लागली तेव्हा तो जो आवाज काढून बसला, तो संशोधकाला शोभणारा नव्हता. पण नळी भरली.

प्रयोगशाळेत त्याने ती वाळू गोड्या पाण्याने धुतली. तसं केलं की कणांना चिकटलेले जीव पकड सोडतात. गाळून उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. सतरा जाती! ज्या लाटांपासून हा सहा फुटी गडी पळत होता, त्यांच्यातच ही इवलीशी प्रजा सुखाने नांदत होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि तेवढाच आनंदही झाला.

त्याने मॅडमना फोन लावला. “सोमवारी प्रबंध नाही देत. निष्कर्ष उलटा आहे बहुतेक.” मग खरं कारणही सांगून टाकलं. “मला पाण्याची भीती वाटते.”



“सहा वर्षं समुद्रावरून कोरडेठाक परत येत होतात,” मॅडम म्हणाल्या. “मीच विचारायला हवं होतं. किती दिवस लागतील?”

“सगळे ऋतू पुन्हा. वर्षभर.”

फोन ठेवला तेव्हा सोबत प्रयोगशाळेत आलेली ताई त्याच्या कमरेचा पट्टा ओढून बघत होती.

“वर्षभर टिकायचा नाही हा,” ती म्हणाली. “जाड कापडाचा शिवून देते.”