तिरकी फळी

नगररचना खात्यात बागा आणि खेळाच्या जागा आखणाऱ्या साहेबांना एकच हौस होती. लेकीने चारचौघांत म्हणावं, हे माझ्या बाबांनी केलंय. लहानपणी ती म्हणायचीच. कुठल्याही बागेत गेली की घसरगुंडीच्या टोकावरून ओरडायची, "ही माझ्या बाबांची आहे!" दुसऱ्यांनी बांधलेल्या घसरगुंड्याही ती खुशाल बापाच्या नावावर चढवायची. साहेब लटके रागवायचे आणि आतून फुलून जायचे. आता ती पंधरा वर्षांची झाली होती आणि घरातलं तिचं बोलणं "हं" आणि "बघू" एवढ्यावर आलं होतं.

खात्याची एक जुनी रीत होती. नकाशावर लहानांना झोपाळा मिळे, म्हाताऱ्यांना पायवाट मिळे. मधल्या वयाची पोरं मात्र कुणी तक्रार केली तरच नकाशावर उगवत. पाण्याच्या टाकीजवळच्या वसाहतीतून तशी तक्रार आली होती. बागेच्या कोपऱ्यातल्या लांब बाकावर संध्याकाळी मुली जमतात, खिदळतात आणि उगाच बसून राहतात म्हणे. उगाच बसणं हा केवढा मोठा गुन्हा! साहेबांकडे त्यावर स्वतः शोधलेला उपाय होता. बाक काढायचं आणि तिथे कमरेएवढ्या उंचीवर एक तिरकी फळी ठोकायची. तिला टेकता येतं, तिच्यावर बसता येत नाही. हाकलायला नको, भांडायला नको. साप मरतो आणि काठीही तुटत नाही.

रात्री जेवताना त्यांनी फळीचं कौतुक सांगितलं.

"मग त्या पोरींनी बसायचं कुठे?" बायकोने विचारलं.

"घरं नाहीत का त्यांना?"

लेकीने ताटावरून मान वर केली. "कुठली बाग, बाबा?"

कित्येक महिन्यांत तिने त्यांच्या कामाबद्दल काही विचारलं नव्हतं. साहेब हरखून सगळं सांगायला लागले. काम उद्याच आहे हे सांगायच्या आधीच ती अर्धं जेवण टाकून उठली, तरी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब बागेत जातीने उभे होते. शेजारी वसाहतीचे अध्यक्ष. फळी ठोकून झाली होती आणि दोन कामगार बाक उचलून टेम्पोकडे निघाले होते. तेवढ्यात शिकवणीहून सुटलेल्या चार-पाच मुली हसत फाटकातून आत आल्या. सगळ्यात मोठ्याने हसत होती ती त्यांची लेक.

घरात ती अशी हसलेली त्यांना आठवेना.

उचलून नेलं जाणारं बाक दिसताच हसणं थांबलं. "कोण गं हा माणूस?" एका मैत्रिणीने विचारलं.

लेकीने बापाकडे सरळ पाहिलं. आता ही सांगणार, हे माझे बाबा. जन्मभर जे ऐकायचं होतं ते आता नकोसं झालं. सांगू नकोस गं बाई, ते मनातल्या मनात विनवत राहिले.

"काका," ती म्हणाली, "आमचं बाक कुठे नेताय?"

साहेबांचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं.

"वरून हुकूम आहे," ते कसेबसे म्हणाले. त्या हुकमावर सही त्यांचीच होती.

"बरं, काका."

एका मुलीने फळीवर बसून पाहिलं. ती घसरली. कुणीच हसलं नाही. मग सगळ्या दप्तरं सावरत फाटकाबाहेर गेल्या आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. लेकीने वळून पाहिलं नाही.

अध्यक्ष खूश झाले. "बघा साहेब, वाद नाही, उलट उत्तर नाही. काका काका म्हणून किती अदबीने बोलली! आईबापांनी वळण लावलंय हो. कुणाची असेल पोर?"

साहेबांनी फळीला पाठ टेकली. त्यांना बसावंसं वाटत होतं आणि बसायला काही नव्हतं.

"काय माहीत," ते म्हणाले.