हक्कसोडीची रीत

जर्मनीच्या विद्यापीठात सोनलला जागा मिळाली, बारामतीची बँकही शिक्षणकर्जाला राजी झाली, आणि घोडं पेंड खायला लागलं ते इंदापूरच्या तीन गुंठ्यांवर. आजोबांनी घेतलेला बिनशेती प्लॉट. तारण ठेवायला तेवढाच होता. पण उताऱ्यावर नावं दोन: सोनलचा बाप गोकुळ आणि त्याची थोरली बहीण सारजा.

"दोघांच्या सह्या लागतील," बँकेतल्या बाई म्हणाल्या. "सोमवारपर्यंत आणा. नाहीतर व्हिसाच्या तारखेआधी मंजुरी मिळणं अवघड आहे."

गोकुळचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. पाच वर्षांमागं त्यानं सारजाला हक्कसोड करून घ्यायला कचेरीच्या दारापर्यंत नेलं होतं. ती दारातूनच माघारी फिरली. तेव्हापासून भाऊबीज बंद. भावकीनं तिला हावरट ठरवलं. बहिणीनं बापाच्या इस्टेटीवर पाणी सोडलं की ती मायाळू, न्हाय सोडलं की हावरट. हा न्याय करणाऱ्यांपैकी कुणी कधी बांधावरची वीतभर जागा तरी सोडलीय का, ते विचारू नये. अंगावर येतात.

वडगाव निंबाळकरला घरी आल्यावर गोकुळनं अक्कल लढवली. वकिलाकडून हक्कसोडीचा नवा मसुदा लिहून आणला, वर एक साडी ठेवली.

"वरकुट्याला आत्याकडं जा. तुझ्यावर जीव हाय तिचा. तिचं नाव निघालं की माझ्या एकट्याच्या सहीवर भागतंय."

"आप्पा, बँक नुसती सही मागतीय. नाव काढा असं कोण म्हणालं?"

"सही मागितली की मिंधेपणा आला. हक्कसोडीचं काय, ती रीतच हाय."

म्हणजे बहिणीचं सगळं घ्यायला लाज न्हाय, तिच्याकडं मागायला मात्र लाज! सोनल दातओठ खात एसटीत बसली.

सारजा गोठ्यात म्हशीची धार काढत होती. सोनलनं पिशवी खाली ठेवली आणि सरळ सांगून टाकलं, "आत्या, आप्पांनी हक्कसोडीचा कागद दिलाय. मला तो नकोय. तुझं नाव ठेवून तारणाला तुझी सही पाहिजे."

"कर्ज कोण फेडणार?"

"मी. नोकरी लागल्यावर."

"आन न्हाय फेडलंस तर?"

"प्लॉट जाईल. तुझा वाटापण जाईल."

सारजा एकदम हसली.

"माहेरात खरं बोलणारं एक तरी निपजलं म्हणायचं! पाच वर्षांमागं मी सही केली असती तर तुझ्या बापानं प्लॉट इकून पैसा जेसीबीचा धंदा काढणाऱ्या त्या दोस्ताला दिला असता. कुठं हाय गं तो दोस्त?"

"परागंदा हाय."

"मग आज तू बँकेला काय दाखवलं असतंस? बापाच्या मिशा?"

सोनलला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू.

"सही देते. नाव ऱ्हाणार. पण गोकुळनं सोताच्या तोंडानं मागायची. लाव फोन."

फोन लागला. पलीकडं गोकुळ आधी दोन-तीनदा खाकरला.

"आक्का… सोमवारी बँकेत येशील का? सही पायजे हुती."

"येते की. त्यात एवढं कुथायला काय झालं?"

सोमवारी बँकेत दोघं शेजारी बसले. गोकुळनं पेन आधी बहिणीपुढं सरकवलं. सारजानं प्रत्येक कागद वाचून घेतला, दोनदा बाईंना अर्थ विचारला, मगच सही केली. गोकुळ तोवर पेनाचं टोपण हातात धरून बसला.

"झालं," बाई म्हणाल्या. "या आठवड्यात मंजुरीपत्र मिळेल."

बाहेर येताच सोनलला कडाडून भूक लागली. समोरच्या हॉटेलात तिनं मिसळ मागवली, संपवली, परत मागवली. बहीण-भाऊ म्हशीच्या दुधाच्या फॅटवरून भांडत होते. सोनलनं पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि दोघांना खुशाल भांडू दिलं.