डॉक्टरांचा फोन मी परत धाडला

या दवाखान्यातल्या टेबलाच्या कोपऱ्यातून मी बोलतोय. मी टर्मिनल अडॅप्टर. माझ्या एका अंगाला टेलिफोनची तार, दुसऱ्या अंगाला हृदयाचा आलेख काढणाऱ्या मशीनची केबल. मशीनकडून आलेख घ्यायचा आणि तारेवरून वाशिमच्या डॉक्टर साधनांकडे पोचवायचा, यासाठीच माझा जन्म. किन्हीराजाच्या अलीकडचं हे गाव. इथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून मला आणलं.

सुरुवातीला मशीन इतक्या घाईनं माहिती ओतायचं की माझं पोट भरून सांडायचं, वाशिमला तुटका आलेख जायचा. इंजिनिअरनं आमच्यात खूण ठरवून दिली. मी 'थांब' म्हटलं की मशीन थांबतं, 'येऊ दे' म्हटलं की पुन्हा सोडतं. तेव्हापासून आमचं कधी भांडण नाही.

मग फोनांचा ताप सुरू झाला. कर्ज घ्या, प्लॉट घ्या. आलेख जाताना असा एखादा फोन आला की सगळं मुसळ केरात. नर्स धम्मदीपाबाई वैतागल्या.

"हे फोन बंद करा नं भाऊ!" त्या इंजिनिअरला म्हणाल्या.

"आपल्या वाशिमच्या दवाखान्याचा नंबर तेवढा आत घेऊ. बाकीच्याले बंदी," तो म्हणाला.

त्यानं तसं भरलं. परका नंबर आला की फोन वाजू न देता मी तो परत धाडायचा. तेव्हा फक्त माझा लाल दिवा लुकलुकायचा. किती शांतता झाली! बाई खुशीनं मला पुसायच्या.

पुढे एका दुपारी तांड्यावरचे हरिसिंग छातीला हात लावून आले. सोबत बायको धनीबाई आणि जीप घेऊन मेहुणा मदनसिंग. आलेख मी नीट पोचवला. तेवढ्यात वाशिमच्या दवाखान्याची लाइन गेली. बाईंनी पुन्हा पुन्हा नंबर फिरवला, लागेना.

आणि मला हाक आली. परका नंबर! डॉक्टर साधना स्वतःच्या मोबाइलवरून फोन करत होत्या. मी परत धाडला. पुन्हा आला, पुन्हा धाडला. काय करू? मला तेवढंच शिकवलं होतं. आलेख पाहिलेला माणूस दाराशी उभा राहून ओरडतोय आणि कडी माझ्या हातात, पण हात माझे नाहीत!

"डॉक्टर काय म्हन्ते, बाई?" धनीबाईंनी विचारलं.

"फोनच नाई आला, मावशी."

"मंग वाट कायले पाहाची? चाला, जीपीत घालतो," मदनसिंग म्हणाला आणि त्यानं हरिसिंगांना उठवून चालवलं.

धनीबाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हा लाल दिवा काहून लुकलुक करून राह्यला?"

दिवा म्हणजे परत जाणारा फोन, हे बाईंना उमगलं. त्यांनी मशीनची केबल उपटली, तिथे कॉम्प्युटरची लावली. इंजिनिअरनं लिहून दिलेली पहिली आज्ञा घाईत चुकली. मी मनात ओरडत होतो, बाई, सावकाश, सावकाश! दुसरी बरोबर आली. बंदी उठली आणि लगेच फोन वाजला.

"साधना बोलतेय! त्यांना अजिबात चालवू नका! ॲम्ब्युलन्स निघाली आहे!"

बाहेर, जीपच्या पायरीशी हरिसिंग कोसळले होते.

बाई धावल्या. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या त्यांची छाती दाबत राहिल्या. हरिसिंग वाचले. पण हृदय अर्धं निकामी झालं. धिप्पाड माणूस, आता झोपडीपासून हापशापर्यंत जाताना मध्येच बसतो. तपासणीला येतात तेव्हा धनीबाई माझ्याकडे पाठ करून बसतात.

बंदी उठली ती उठलीच होती. कर्जवाले पुन्हा सुरू झाले, कालच एक आलेख अर्ध्यात तुटला. म्हणून आज पुन्हा बंदी घालायला नवा इंजिनिअर आलाय. डॉक्टर साधनांचा मोबाइल नंबर तो मन लावून भरतोय. पण त्यांची बदली झाली! त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांचा नंबर त्याला कुणी दिलेला नाही. धम्मदीपाबाई बाहेर ओट्यावर बाळांना डोस पाजतायत. माझा आवाज तिथवर जात नाही.

आत या हो, कुणीतरी. याचं बटण दाबून व्हायच्या आत याला विचारा, नव्या डॉक्टरांचा नंबर कुठंय?