सरांचे सतरा पाहुणे

कोल्हापुरात पट्टकादंब कधी आले हे ठरवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे होता: सयाजी इंगवले सर. हिमालय ओलांडून येणाऱ्या त्या हंसांना याची खबर नव्हती, एवढंच. दिवाळी झाली की सर एकटे खोचरवाडीच्या तलावावर जात, पक्षी मोजत, पेपरात बातमी देत आणि पुढच्या रविवारी पक्षिमित्र मंडळाला घेऊन बांधावर उभे राहत. सरांनी बोट दाखवल्याशिवाय कुणी दुर्बीण डोळ्याला लावायची नाही, असा मंडळाचा रिवाजच होता. सर चित्रकलेचे मास्तर. निवृत्त झाले तरी हातातली छडी काही सुटली नव्हती.

पण गेल्या अडीच वर्षांत सरांना स्वतःचं बोटही धड दिसेनासं झालं होतं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. हे घरात फक्त बायकोला, विठाबाईंना माहीत. बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, या एका गोष्टीसाठी सरांचा जीव टांगणीला लागला होता. पक्षी न दिसणारा पक्षिमित्र म्हटल्यावर लोक हसणार, आणि सगळ्यांत आधी हसणार तो गणपती कांबळे.

गणपती पोस्टमन होता. टपाल वाटता वाटता पक्षी टिपायचा आणि भेटला की खणखणीत ‘जयभीम’ घालायचा. सर त्याला नुसतं ‘हं’ करायचे. ‘आता ह्यांनी पण पक्षी बघायचे!’ असं पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, आणि गणपतीच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले होते. २००१ च्या हिवाळ्यात गणपतीला काळा करकोचा दिसला. इकडं तो क्वचितच फिरकतो. गणपतीनं सरांना सायकलवर डबलसीट नेलं, दुर्बीण हातात दिली. सरांना दिसलं ते सगळं धुरकट. “हा नेहमीचा पांढऱ्या मानेचा आहे. शाळेतली पोरंसुद्धा ओळखतील,” असं ठोकून देऊन त्यांनी मंडळाच्या नोंदवहीतली गणपतीची ओळ लाल पेनानं खोडली. तेव्हापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

२००३ साली दिवाळी झाल्यावर सर मोजणीला तलावाकडं फिरकलेच नाहीत. जाऊन तरी काय दिसणार होतं? आधीची दोन वर्षंही त्यांनी असंच निभावलं होतं. विठाबाईंकडून जुन्या वह्या वाचून घ्यायच्या, साधारण तारीख काढायची आणि पेपराला फोन करायचा. पक्षीही बिचारे इमानेइतबारे येत आणि सरांची लाज राखत. यंदाही गुरुवारी बातमी छापून आली: सतरा पट्टकादंब दाखल.

रविवारी पाच गाड्यांतून तीस माणसं खोचरवाडीला पोचली. गणपती सायकलवरून आधीच येऊन थांबला होता. सर पायांच्या सवयीनं बांध चढले. समोर सकाळचं ऊन पांढरंफेक चकाकत होतं. हेच पाणी, असं सरांनी धरलं आणि बोट रोखलं.

“ते बघा, पाण्याच्या कडेला. डोक्यावर दोन काळे पट्टे दिसतायत? सतराच्या सतरा आहेत. कुणी आवाज करू नका.”

आवाज कुणी केलाच नाही. दुर्बीणही कुणी उचलली नाही.

“लावा की दुर्बिणी! झोपलात काय सगळे?” सर खेकसले.

नेमकं तिथूनच एक शेळी ओरडली. पाठोपाठ शेरडं राखणाऱ्या चिमणाबाईचा आवाज आला. “ओ पावणं, कुणाला हुडकताय? औंदा तळ्यात पाण्याचा टिपूस न्हाय. माझ्या शेरडास्नी बोट कशाला दावताय?”

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पावसानं दगा दिला होता, तळं तळापर्यंत आटलं होतं, आणि सर कोरड्या मातीवर हंस दाखवत उभे होते. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सवयीप्रमाणे शरमेचा राग झाला, आणि राग काढायला माणूस ठरलेला होता.

“गणपा! टपाल घेऊन तू इकडं येतोस. तुला ठाऊक होतं!”

“व्हय,” गणपती म्हणाला. “बातमी वाचली तवाच ठाऊक हुतं. तीन दिवस गप बसलो. तुमची लबाडी चारचौघांत उघडी पडावी म्हणून.”

“मग पडली की! हस आता.”

गणपती हसला नाही. तो सरांच्या अगदी पुढ्यात आला. सरांची नजर त्याच्या कानाशेजारून कुठंतरी लागली होती.

“मला वाटलं, तुमी घरात बसून खोटं छापलंय. पर आता इथं तुमास्नी खरंच पाणी दिसलं. कवापासनं हाय हे?”

“अडीच वर्षं झाली,” सर म्हणाले. तीस माणसांसमोर ते बोलून गेले.

गणपतीनं मनात हिशेब केला. “म्हंजी माझा करकोचा तुमास्नी दिसलाच न्हवता.”

“नाही.”

“मग ओळ कशाला खोडलीसा?”

सरांना पुष्कळ काही सांगता आलं असतं. नियम, खात्री, मंडळाचं नाव. ही सगळी उत्तरं जिभेवर तयार होती. पण त्या क्षणी त्यांना स्वतःचाच वीट आला.

“तुला दिसला म्हणून,” ते म्हणाले.

गणपतीनं गळ्यातली दुर्बीण काढून पिशवीत ठेवली.

“डोळं गेल्याचं वाईट वाटतंय, सर,” तो म्हणाला. “तुमचं न्हाय वाटत.”

आणि सरांना तिथंच उभं सोडून तो बांध उतरून गेला.