टपालकावळ्याची चोरी

जावयानं लॅपटॉपचा पडदा सासूबाईंकडे वळवला आणि आवाज अगदी बारीक केला. आत बायको भांडी लावत होती. एवढ्यात तिच्या कानावर काही जाऊ नये, असं त्याला वाटत होतं.

पडद्यावर, पाठीला टपालाची पिशवी लावलेला एक कावळा ढगांत वाट चुकला होता. सासूबाई मटार सोलत राहिल्या.

कावळा त्यांचाच. उमेदीची वर्षं घालून त्यांनी ही मालिका लिहिली होती, चितारली होती. जावई नोकरीला होता त्याच कंपनीनं ती घेतली, लोकांनी पैसे भरून विकत घेतली, आणि मागच्या वर्षी परवडत नाही म्हणून कंपनीनं ती एका सकाळी काढून टाकली. पैसे भरलेल्यांच्या खात्यांतूनही. सासूबाईंनी तेव्हा ऑफिसचे उंबरे झिजवले. एक प्रत तरी द्या, म्हणाल्या. उलट तुमच्याजवळची कामाची प्रतही पुसा, असं त्यांना बजावण्यात आलं. पुसली, असं त्यांनी लिहून दिलं. कंपनी स्वतः मालिका दाखवणार नव्हती, पण दुसऱ्या कुणी दाखवली तर हुडकून बंद पाडणार होती. आणि हुडकायचं काम नेमकं जावयाच्या विभागाकडे होतं. घरात हा विषय कुणी काढत नसे.

“काल हे सापडलं,” तो म्हणाला. “कुणीतरी सगळे भाग नेटवर टाकलेत.”

“बरं झालं की. कुणाला तरी आठवण आहे.”

“आई, यात कावळ्याची आई जाते तो प्रसंग आहे. तो कंपनीनं आधीच कापला होता. बाहेर कुणी पाहिलेलाच नाही.”

त्यांचा अंगठा शेंगेवर थांबला. मग त्यांनी शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले.

“तुमच्या साहेबांना कळलंय?”

“अजून नाही. उद्या मला सांगावं लागेल. मग टाकणारा कोण, ते वकील शोधतील.” त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. “आजच काढून टाका. आपोआप निघालं, अशी नोंद करतो मी.”

सासूबाई म्हणाल्या, जन्मात कुणाची पेन्सिल उचलली नाही, आणि या वयात आपल्याच कावळ्यापायी चोर ठरायची वेळ आली. त्या हसल्या. काढते, पण परत टाकीन, तुम्ही परत शोधा, तुमची नोकरी आहे ती, असंही म्हणाल्या. त्यात राग नव्हता, म्हणूनच त्याला ते जास्त लागलं.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं पडद्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मग नवऱ्यावर नजर रोखली.

त्यानं लॅपटॉप मिटला.

“आमचं सॉफ्टवेअर चित्र बघत नाही,” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “सुरुवातीचं गाणं ऐकतं. गाणं नसेल, तर त्याला काही कळत नाही.”

सासूबाईंनी शेवटची शेंग सोलली.

“नावं त्या गाण्यावरच येतात,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांची. शेवटी माझं.”

“हो.”

“दुसरीकडे कुठे येत नाहीत.”

“माहीत आहे, आई.”

त्यांनी मटारचं भांडं लेकीच्या हातात दिलं आणि सालं गोळा करायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी कावळ्याबद्दल विचारलं. त्यानं सगळ्यांसमोर सॉफ्टवेअर चालवून दाखवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं. शेवटी, काही सापडलं नाही, असं उत्तर आलं. साहेब मान डोलावून पुढच्या कामाकडे वळले.

जेवणाच्या सुट्टीत तो जिन्यात जाऊन बसला आणि फोनवर त्यानं ती मालिका शोधून काढली. गाणं नव्हतं. कावळा एकदम ढगांतच होता, कुठून निघाला ते न सांगता. खाली एका बाईनं लिहिलं होतं की ही तिच्या मुलांची फार लाडकी होती, पैसे भरून घेतलेली मालिका गायब झाली तेव्हा मुलं रडली होती. कुणी केली ही, कुणी सांगेल का?

टाकणाऱ्यानं त्याखाली उत्तर दिलं होतं.

“कल्पना नाही. मलाही अशीच मिळाली.”